गाडी-गाऱ्हाणी : कंपनी बदलायची म्हणताय, पण विट्यात ती उघडणार कोण?

या वेळी पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयाची निघाली. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला, चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या 18 टक्क्यांत आल्या, तेव्हापासून घरोघरी गाडी बदलायचा विषय निघालाय आणि त्यात बऱ्याच जणांना कंपनीच बदलायचीय. पंधरा वर्षं एकाच कंपनीची गाडी वापरलेली माणसं आता दुसऱ्या शोरूमच्या काचेतून आत बघतायत. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, वेगवेगळी अडचण असलेली निवडलीत. पहिल्या पत्रावर जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण त्यात बाकीच्यांची निम्मी उत्तरं येऊन जातात.

सर नमस्कार, मी विट्याचा, हायस्कूलला शिक्षक आहे. माझ्याकडं 2013 ची स्विफ्ट डिझेल आहे, 1 लाख 70 हजार किमी झालंय, बारा वर्षांत एकदा क्लच, एकदा सस्पेंशन, बाकी ऑइल बदलत राहिलो बस्स. आता मुलगी पुण्यात नोकरीला, महिन्याला 1200 किमी रनिंग होतं, बहुतेक हायवेच. एका युरोपियन कंपनीची 999 सीसी टर्बो पेट्रोल सेडान बघितली, टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि खरं सांगतो दोन दिवस झोप नाही. मिसेस म्हणतात आहे तीच कंपनी बरी, मेहुणे म्हणतात असल्या गाड्या मेंटेनन्सला खातात, शोरूमवाला म्हणतो तसं काय नाय सर, आमची सर्व्हिस 15 हजार किमीला एकदाच. दोन्हीकडून पाच वर्षांची सरासरी कागदावर घेतलीय, जुन्या कंपनीची एक सर्व्हिस 6,500 आणि ह्यांची 9,500. खरं कोण बोलतंय? कंपनीचं नाव छापू नका, शोरूमवाला ओळखीतला आहे.

सर, खोटं कुणीच बोलत नाहीये, प्रत्येकजण वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलतोय. शोरूमवाला पहिल्या पाच वर्षांबद्दल बोलतोय आणि मेहुणे सातव्या-आठव्या वर्षाबद्दल. मिसेस बहुतेक बाराव्या वर्षाबद्दल बोलत असाव्यात, त्यांचा अंदाज मला सगळ्यात पक्का वाटतो, पण आधी आकडे बघू.

महिन्याला 1200 म्हणजे वर्षाला 14,400 आणि पाच वर्षांत 72 हजार किमी. जुन्या कंपनीची सर्व्हिस 10 हजाराला येते म्हणजे पाच वर्षांत सात सर्व्हिस, 6,500 प्रमाणे 45,500 रुपये. युरोपियनवाल्यांची वर्षाला एक म्हणजे पाच, 9,500 प्रमाणे 47,500. फरक दोन हजार, तोही पाच वर्षांत मिळून! महिन्याला तेहेतीस रुपये, दोन-तीन कटिंग चहा. ज्या खर्चाला सगळा गाव घाबरतो तो हाच, आणि तुमच्या रनिंगला तो जवळपास नाहीच. मात्र हे तुमचं रनिंग एवढं आहे म्हणून. ज्यांची गाडी वर्षाला सहा-सात हजारच फिरते त्यांना 15 हजारच्या इंटरव्हलचा काही उपयोग नाही, कारण बुकलेटमध्ये "किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं असतं, म्हणजे दोन्हीकडे वर्षाला एकच सर्व्हिस आणि मग पाच वर्षांत 15 हजारांचा सरळ फरक पडतो. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका, आधी त्याचं रनिंग विचारा.

आता पेट्रोलपंपावर जाऊ, खरा पैसा तिथे जातो. तुमच्या स्विफ्टमधलं ते 1248 सीसीचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं, मल्टीजेट. मारुतीने त्याचं लायसन घेतलं होतं आणि मागणी एवढी वाढली की 2012 मध्ये फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातूनही इंजिनं घ्यायचा करार केला. टाटानेही हेच इंजिन वापरलं, म्हणून लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. एप्रिल 2020 ला बीएस 6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. म्हणजे तुम्ही जुन्याच कंपनीत राहिलात तरी डिझेल तुम्हाला मिळणार नाहीये, तेव्हा खर्च वाढला तर तो सगळा नव्या कंपनीच्या नावावर मांडू नका. हिशेब करू, डिझेल 91 आणि पेट्रोल 104 धरतो. आत्ता 20 च्या अ‍ॅव्हरेजने तुमचं वर्षाचं डिझेल 65,520 चं. जुन्या कंपनीची पेट्रोल गाडी 18 देते धरलं तर 83,200. टर्बो सेडान तुमच्या हायवेला 15 देईल असं धरलं तर 99,840, आणि पाय जड असेल तर पंधराही विसरा, टर्बो गाडीत पाय हलका ठेवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. म्हणजे दोन पेट्रोल गाड्यांतला फरक वर्षाला साडेसोळा हजार, पाच वर्षांत 83 हजार. सर्व्हिसच्या दोन हजारांवरून घरात भांडण आणि पंपावरच्या 83 हजारांचा कुणी विषयच काढत नाही!

टायरचं पण तसंच. तुमच्या स्विफ्टला 165/80 आर 14 किंवा वरच्या मॉडेलला 185/65 आर 15 असतील, ते विट्यात कुठल्याही टायरवाल्याकडे उभ्या उभ्या मिळतात. नव्या सेडानला 205/55 आर 16 येतात, सेटमागे दहा-बारा हजारांचा फरक धरून चाला आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बुटकी असल्याने खड्ड्यात कट बसायची भीती जास्त. आपल्याकडच्या रस्त्यांबद्दल काय बोलायचं, तुम्ही रोज बघताच.

एका ठिकाणी मात्र नवी गाडी स्वस्त पडते आणि हे कुणी सांगत नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, इंजिनच्या सीसीवर असतो, गाडी किती भारी त्याच्यावर नाही. जून 2022 च्या दराप्रमाणे 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 आणि 1000 ते 1500 मध्ये 3,416. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, तो अनुक्रमे 6,521 आणि 10,640. म्हणजे तुमची 999 सीसीची सेडान थर्ड पार्टीत शेजाऱ्याच्या 1200 सीसी हॅचबॅकपेक्षा स्वस्त. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, मात्र गाडीच्या आयडीव्हीवर (विम्यात धरलेली गाडीची किंमत), ते वाढणार म्हणजे वाढणारच. आणि महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स 10 लाखांपर्यंत 11 टक्के, पुढे 20 लाखांपर्यंत 12 टक्के. 10 लाखांच्या वर गाडी गेली की 1 टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने गाडी विकतानाच घेतलेला आयकर, पण लागतो, तो शिक्षक माणसाला रिटर्न भरताना परत मिळतो, फक्त सीएला सांगायला विसरू नका, लोक विसरतात.

इथपर्यंत तुमचा शोरूमवाला जिंकलाय असं समजा. आता इथून पुढे घोडं पेंड खातं.

तुम्ही एक गाडी बारा वर्षं वापरलीत. माझा अनुभव असा की माणूस कंपनी बदलतो पण सवय बदलत नाही, ही गाडी पण तुम्ही बारा नाहीतरी दहा वर्षं वापरणारच. पहिली चार-पाच वर्षं वॉरंटी आणि एक्स्टेंडेड वॉरंटीत जातात, त्या काळात सगळ्या कंपन्यांच्या गाड्या जवळपास सारख्याच वागतात. सहाव्या वर्षी तुम्ही सर्व्हिस सेंटर सोडून आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे जाल, तुमच्या स्विफ्टचंही हेच झालं असणार. तुमचा मिस्त्री स्विफ्टचं बॉनेट न उघडता आवाजावरून सांगतो की इंजिन माउंटिंग गेलंय. त्याच्या पोराने तेच इंजिन शंभर वेळा खोललंय. पार्ट बाजारपेठेतल्या दुकानात आहे, नसेल तर सांगलीहून संध्याकाळच्या गाडीने येतो. ही जी सोय आहे ना, तिचं बिल तुम्हाला बारा वर्षांत कुणी दिलं नाही म्हणून ती फुकट वाटते. कंपनी बदलली की ती सोय जाते. त्याच मिस्त्रीकडे नव्या गाडीचा फॉल्ट कोड वाचायला स्कॅनर असेलही, आजकाल स्वस्तात मिळतो, पण काही कामात पार्ट बदलल्यावर तो गाडीच्या कंप्युटरला ओळख करून द्यावा लागतो आणि त्याचं सॉफ्टवेअर डीलरकडेच. मग फ्लॅटबेडवरून सांगली नाहीतर कोल्हापूर.

हे असं का, तर त्याला मोठा इतिहास आहे. ऑगस्ट 2014 मध्ये कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडियाने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड लावला होता. मुद्दा हाच होता की कंपन्या ओरिजिनल पार्ट आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजला सहज मिळू देत नाहीत आणि ग्राहकाला आपल्याच वर्कशॉपला बांधून ठेवतात. त्या यादीत देशी, जपानी, युरोपियन सगळ्याच होत्या, म्हणजे कुणी एक जण धुतल्या तांदळाचा नाही. फरक एवढाच की ज्या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर जास्त, तिचे पार्ट बनवणारे आणि विकणारे बाहेर आपोआप तयार होतात, कंपनीची इच्छा असो वा नसो.

माझंच सांगतो. मी पण एकदा अशीच कंपनी बदलली होती, कुठली ते राहू द्या. जानेवारीतली संध्याकाळ, साखर कारखान्याकडे निघालेली डबल ट्रॉली, बाहेर दोन-दोन हात लोंबणारा ऊस, आणि मी ओव्हरटेक करताना त्या उसाने डावीकडचा आरसा असा काही झोडपला की तो वायरला लटकायलाच लागला. आधीच्या गाडीचा आरसा मी पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारातून नऊशे रुपयांत आणून स्वतः बसवला होता. ह्या आरशात घडी घालायची मोटर, इंडिकेटर आणि कॅमेरा. पार्टच्या काउंटरवरच्या मुलाने कंप्युटरवर नंबर टाकला, दोनदा बघितलं, मान वर न करता म्हणाला "अकरा हजार आठशे, रंग वेगळा". मी विचारलं कधी मिळेल, तर म्हणाला ऑर्डर टाकतो. एकोणीस दिवस मी तो आरसा सेलोटेप लावून फिरवला. क्लेम केला नाही, कारण माझं नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्क्यांवर होतं आणि त्या आरशापायी ते शून्यावर आलं असतं, पुढच्या हप्त्यातच नऊ-दहा हजार गेले असते आणि पुन्हा 50 वर चढायला पाच वर्षं. पैशाचं एवढं काही वाटलं नाही, पण रोज सकाळी गाडीत बसताना ती सेलोटेप बघून जे वाटायचं ते कुठल्या मेंटेनन्स कॉस्टमध्ये धरायचं!

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच काम सांगतो. पुन्हा शोरूमला गेलात की सोफ्यावर बसून कॉफी पिऊ नका, मागच्या बाजूला सर्व्हिस सेंटरचा पार्टचा काउंटर असतो तिथे जा, वही घेऊन. हेडलाइट, पुढचा बंपर, आरसा, पुढची काच, क्लच सेट, पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क, शॉकअ‍ॅब्सॉर्बरची जोडी, एसी कंप्रेसर, अल्टरनेटर आणि बॅटरी, एवढ्यांचे भाव लिहून घ्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिची बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग असते, ते पण विचारा. आणि प्रत्येक भावापुढे दुसरा रकाना करा, "आज ऑर्डर दिली तर कधी येईल". तोच कागद घेऊन जुन्या कंपनीच्या काउंटरवर जा. दुसऱ्या रकान्यात "आहे", "आहे", "उद्या" असं दिसतंय का "चार दिवस", "दहा दिवस", "सांगता येत नाही" असं दिसतंय, ते बघा. युरोपियन म्हणजे पार्ट जर्मनीहून बोटीने येतात असा एक गैरसमज आहे, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टससारख्या गाड्या तर आपल्या चाकणलाच बनतात आणि बरेचसे पार्ट पण इथेच, म्हणून ऐकीव गोष्टीवर न जाता काउंटरवर विचारा. कदाचित तुमच्या मेहुण्यांनी ऐकलेले किस्से पंधरा वर्षांपूर्वीचे असतील.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. पाच-सहा वर्षांनी विकायची तयारी असेल, एक्स्टेंडेड वॉरंटी गाडी घेतानाच घेणार असाल आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा जादा विमा, दरवर्षी भरणार असाल, तर घ्या बिनधास्त, दोन दिवस झोप उडवणारी गाडी आयुष्यात किती वेळा भेटते. झिरो डेप का, तर साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या पार्टला 50 टक्के घसारा कापतात आणि आजची गाडी पुढून मागून प्लास्टिकचीच आहे. पण ही गाडी बारा वर्षं विट्यात ठेवणार असाल आणि सातव्या वर्षी मिस्त्रीकडे नेणार असाल तर मिसेसचं ऐका. आणि घ्यायचीच असेल तर निदान गिअरबॉक्स मॅन्युअल घ्या, ऑटोमॅटिक बिघडली तर तालुक्याच्या गावी ती उघडणारा माणूस सापडणं कठीण. पहिल्या सर्व्हिसला अ‍ॅडव्हायझर एसी डिसइन्फेक्टंट, इंजिन फ्लशिंग, अंडरबॉडी कोटिंग, थ्रॉटल क्लीनिंग असं काय काय जॉबकार्डवर लिहील, सही करायच्या आधी बुकलेटमधल्या शेड्युलशी ताडून बघा, जे त्यात नाही ते खोडा. वर्गात पेपर तपासता तसंच, लाल पेन घेऊन.

दादा, आमची जुनी गाडी मिस्टरांच्या नावावर आहे, सात वर्षांत एकही क्लेम नाही, 50 टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस) आहे. आता दुसऱ्या कंपनीची गाडी घेतोय ती माझ्या नावावर, लोन माझं आहे म्हणून. डीलर म्हणाला इन्शुरन्स आम्ही बघतो. एनसीबी मिळेल ना? – नाशिक

ताई, नाही मिळणार. एनसीबी गाडीचं नसतं, मालकाचं असतं, कंपनी बदलली तरी ते चालतं पण माणूस बदलला की चालत नाही. मालक वारला तर वारसाला मिळतं, तेवढा एक अपवाद, तो नको आपल्याला. नवी गाडी मिस्टरांच्या नावावर घेऊन लोनमध्ये दोघं राहता येतं का ते बँकेला विचारा. ओन डॅमेजचा हप्ता 28 हजार असेल तर 14 हजार वाचतात.

नवी गाडी मिस्टरांच्या नावाने घेतली तर एवढंच बघा की जुनी गाडी विकताना पॉलिसी "चालू आहे, घेऊन जा" म्हणून नुसती देऊन मोकळे होऊ नका. आरटीओत ट्रान्सफरचे कागद, फॉर्म 29 आणि 30, देऊन विमा कंपनीकडून एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, म्हणजे बोनस राखून ठेवल्याचं पत्र, घ्या, ते तीन वर्षं चालतं. घेणाऱ्याला पॉलिसी 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करावी लागते आणि त्याला तुमचं बोनस मिळत नाही. आणि आरसी बुक त्याच्या नावावर झालंय ना ते स्वतः अ‍ॅपवर बघा, एजंटच्या "होऊन जाईल" वर राहू नका. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, म्हणजे चौथ्या हाताने कुणी ठोकली तरी भरपाईची नोटीस तुमच्या घरी. फास्टॅग पण बंद करा, तो त्या गाडीचा असतो, नव्या गाडीला नवा. माझ्या ओळखीत एकाच्या खात्यातून गाडी विकल्यावर दोन महिने खालापूरचा टोल कापला जात होता आणि तो बायकोला विचारायचा तू कुठे जाऊन आलीस.

मारुती सोडून टोयोटाला जायचं ठरवलंय, ग्लान्झा बघतोय. मेंटेनन्स टोयोटाचा म्हणजे महाग पडेल का? – नागपूर

भाऊ, तुम्ही घर नाही बदलत, दरवाजावरची पाटी बदलताय. ग्लान्झा म्हणजे बलेनोच, 2019 पासून मारुतीच टोयोटाला बनवून देते, इंजिन गिअरबॉक्स सगळं तेच. हायरायडर-ग्रँड व्हिटारा, टायसर-फ्राँक्स, रुमिऑन-अर्टिगा ही पण तीच भावंडं. बंपर, ग्रिल, लोगो असले दिसायचे पार्ट तेवढे वेगळे. त्यामुळे वॉरंटी संपल्यावर तुमचा नेहमीचा मारुतीवाला मिस्त्री ग्लान्झा डोळे मिटून खोलेल. पूर्वी टोयोटाची वॉरंटी 3 वर्षांची आणि मारुतीची 2 वर्षांची असायची म्हणून लोक पाटीचे चार पैसे जास्त द्यायचे, पण 2024 पासून मारुतीने पण 3 वर्षं, 1 लाख किमी केलीय. आता निवड एवढ्यावरच की नागपुरात तुमच्या घराजवळ कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे आणि डिस्काउंट कोण जास्त देतंय. दोन्ही डीलरला एकमेकांचं कोटेशन दाखवा, मजा येईल.

नवीन आलेल्या परदेशी कंपनीची गाडी आवडलीय पण भीती वाटते, कंपनी गाशा गुंडाळून गेली तर? आम्ही तळेगावातच राहतो, डोळ्यांदेखत बघितलंय. – तळेगाव दाभाडे

तुम्हाला तर मी काय सांगणार. जनरल मोटर्सने 2017 संपताना भारतात शेवरोले विकणं थांबवलं, तळेगावचा कारखाना एक्स्पोर्टसाठी डिसेंबर 2020 पर्यंत चालला आणि आता तो ह्युंदाईकडे आहे. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करतोय म्हणून जाहीर केलं. फियाटही गेली, तिची गाडी चालवणारे हळवे लोक अजून पुण्यात भेटतात.

पण बारकाईने बघितलं तर कंपनी गेल्यावर सगळंच एकदम अडत नाही. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, बेअरिंग, बेल्ट हे कंपनी स्वतः बनवतच नाही, ते बाहेरचे सप्लायर बनवतात आणि तेच पार्ट सप्लायरच्या नावाच्या डब्यात नाना पेठेत येत राहतात. अडतं ते बॉडीचं. हेडलाइट, दरवाजाची काच, बंपर, एअरबॅग, इसीएम (इंजिनचा कंप्युटर), हे फक्त त्याच मॉडेलला लागतं आणि मॉडेल मेलं की साचा पण गोडाऊनला. म्हणजे गाडी चालत राहते पण एक छोटा अपघात झाला की महिनाभर उभी. दुसरा फटका रिसेलचा, तो बातमी आली त्याच आठवड्यात बसतो, गाडीत काहीही बिघडलेलं नसताना. नवीन कंपनीत माझा नियम साधा आहे, गाडी रस्त्यावर किती दिसते ते बघायचं. सोमाटणे फाट्यावर अर्धा तास चहा पीत थांबा आणि मोजा. एकही दिसली नाही तर पहिला मान तुम्ही घेऊ नका, दोन वर्षं थांबा.

मी म्हापशाचा. 12 लाखांत नवी हॅचबॅक घ्यायची की पुण्यात मिळणारी सहा वर्षं जुनी जर्मन लक्झरी सेडान? नवी असताना 45 लाखांची होती.

नाकापेक्षा मोती जड होईल हो. गाडीची किंमत 45 वरून 12 वर आली पण तिच्या हेडलाइटला हे कुणी सांगितलेलं नाही, तो अजून 45 लाखांच्याच गाडीचा आहे. टायर, ब्रेक डिस्क, गिअरबॉक्सचं ऑइल, सगळं त्याच भावात. विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी पार्टला 40 टक्के घसारा, प्लास्टिकला 50, म्हणजे क्लेममध्ये निम्मं तुमचंच. त्यात ती महाराष्ट्राची, म्हणजे फॉर्म 28 ची एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला), गोव्यात टॅक्स पुन्हा, महाराष्ट्राचा उरलेला टॅक्स परत मागायला वेगळे हेलपाटे. तरीही मन ऐकत नसेल तर किमतीच्या वर निदान तीन लाख वेगळे बाजूला काढून ठेवा आणि ते गेले असंच समजा. ते तीन लाख नसतील तर हॅचबॅक.

वीस वर्षं मारुती चालवली, आता मुलाने युरोपियन गाडी आणलीय. वळताना मी इंडिकेटर द्यायला जाते आणि वायपर सुरू होतो, मागचे लोक हसतात. हे डीलरकडून बदलून मिळतं का? – ठाणे, वय 64

मावशी, नाही मिळत. त्यांच्याकडे इंडिकेटरचा दांडा डावीकडे असतो, आपल्या मारुती-ह्युंदाईत उजवीकडे, एवढीच भानगड. दोन-तीन आठवड्यांत हात शिकतो. तोपर्यंत काच स्वच्छ राहतेय म्हणा, फक्त वायपर कोरड्या काचेवर फिरला की रबर लवकर जातं, तेव्हा पाण्याची टाकी भरून ठेवा. मुलाची आधीची गाडी अजून घरात असेल तर मधूनमधून ती चालवू नका, नाहीतर शिकलेलं सगळं पुन्हा उलटं होतं. माझं झालं होतं, मी तर एकदा नवी गाडी समजून जुनीतच वायपर मारत मुंब्रा बायपासला वळलो होतो.